अनेक भाषांत बोलून लिहिणं आणि ऐकून वाचणं: भाषा बदलताना काय सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काम मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चालतं, अधूनमधून जर्मन मजकूरही वाचावा लागतो. मनगटं दुखतात म्हणून टायपिंग कमी करायचं आहे, डोळ्यांवरचा ताणही उतरवायचा आहे. पण बोलून लिहायला गेलं की एका भाषेतले शब्द दुसऱ्या भाषेचे होऊन उमटतात, आणि ऐकायला गेलं की मराठी मजकूर हिंदी थाटात वाचला जातो. तर चारही भाषांना पुरेल असं एकच चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

मी भाषांतराचं बरंचसं काम बोलून करतो, आणि हातांचा किंवा दृष्टीचा त्रास असलेल्यांना ही साधनं शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, एकच सॉफ्टवेअर शोधण्यात वेळ घालवू नका. तुम्ही वर्णन केलेला गोंधळ क्वचितच सॉफ्टवेअरच्या दर्जामुळे होतो. आत्ता कोणती भाषा चालू आहे हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते काम अजूनही आपल्याकडेच आहे. ते नीट केलं तर साधी, फुकट मिळणारी साधनंही उत्तम चालतात. नाही केलं तर महागडं सॉफ्टवेअरही तुमचा मजकूर विस्कटून टाकेल.

डिक्टेशनचं, म्हणजे बोललेलं लिहून काढणारं इंजिन नुसता आवाज ऐकून अक्षरं उमटवत नाही. कानावर पडलेल्या ध्वनीला साजेसे अनेक शब्द त्याच्यासमोर असतात, आणि त्यातला कोणता घ्यायचा हे ते त्या भाषेत कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो यावरून ठरवतं. म्हणजे हिंदी निवडलेली असताना तुम्ही मराठी बोललात, तर ते तुमच्या आवाजात हिंदी शब्दच शोधणार, आणि सापडले नाहीत तर जवळात जवळचे बसवणार. म्हणूनच चुकून उमटलेले शब्द अस्सल आणि शुद्ध असतात, फक्त ते तुम्ही बोललेले नसतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या सुविधेला त्यात काहीच खटकत नाही. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण ऐकण्याचं साधन तिथेच सर्वांत उपयोगी पडतं.

आता संगणकावर भाषा कुठे कुठे ठरते ते पाहू. एकाच संगणकावर भाषेच्या चार वेगवेगळ्या निवडी असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली मेनू आणि सूचना कोणत्या भाषेत दिसतात ती. तिचा आपल्या कामाशी जवळजवळ संबंध नाही, त्यामुळे ती बदलून काही साधत नाही. दुसरी कीबोर्डची, म्हणजे इनपुटची भाषा. तिसरी बोलणं ओळखणाऱ्या इंजिनाची. चौथी मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर चिकटवलेली भाषा. ही डोळ्यांना दिसत नाही, पण वाचणारा आवाज तिच्यावरूनच ठरतो. तुमच्या दोन्ही तक्रारी यातल्या शेवटच्या तीन निवडींत आहेत.

विंडोज ११ मध्ये विंडोज की आणि एच दाबलं की व्हॉइस टायपिंग सुरू होतं. त्याला इंटरनेट लागतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, जर्मन या तुमच्या चारही भाषा त्यात आहेत. भाषेसाठी वेगळा मेनू शोधू नका, कारण ते कीबोर्डचीच भाषा घेतं. सेटिंगमध्ये चारही भाषा जोडून ठेवा आणि बोलण्याआधी विंडोज की आणि स्पेसबार दाबून हवी ती निवडा. बोलताबोलता भाषा बदलायची वेळ आली तर आधी माइक थांबवा, भाषा बदला, मग पुन्हा सुरू करा. हा क्रम हाताला सवयीचा झाला की निम्मा त्रास संपतो.

गूगल डॉक्समध्ये टूल्सखाली व्हॉइस टायपिंग आहे. तिथे मराठीही आहे. माइकच्या चित्रावर भाषेची छोटी यादी असते आणि ती दस्तऐवजाच्या भाषेहून स्वतंत्र असते. म्हणजे दस्तऐवज इंग्रजी म्हणून नोंदलेला असला तरी बोलणं मराठीत ओळखता येतं, आणि उलटही. मात्र ‘हा शब्द निवड’, ‘नवा परिच्छेद कर’ अशा तोंडी आज्ञा तिथे फक्त इंग्रजीत चालतात. मराठीत बोलताना आज्ञांचा नाद सोडून द्या आणि एक हात कीबोर्डवर ठेवा.

ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग १९९७ साली आलं, आणि सलग बोललेलं लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वैयक्तिक संगणकावर सर्वाधिक नाव झालं ते त्याचंच. इंग्रजी किंवा जर्मनमध्ये दिवसभर लिहिणाऱ्याला ते अजूनही उपयोगी आहे, कारण स्वतःचा शब्दसंग्रह त्यात भरता येतो. पण त्यात मराठी नाही, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळं प्रोफाइल उघडावं लागतं. तुमच्या कामासाठी ते घ्यावं असं मला वाटत नाही.

इंग्रजी निवडताना एक बारीक गोष्ट पाहा. इंग्रजीचे प्रकार वेगवेगळे दिलेले असतात: अमेरिकी, ब्रिटिश, भारतीय. पुष्कळ जण अमेरिकी ‘मूळ’ समजून तेच ठेवतात आणि मग मुद्दाम तसे उच्चार काढत बसतात. आपण जसं इंग्रजी बोलतो त्याच्या सर्वांत जवळचा प्रकार निवडा. उच्चार तर बरे ओळखले जातातच, शिवाय आपल्याकडची माणसांची आणि गावांची नावंही बरीच अचूक येतात.

आता मिश्र बोलणं. आपण बोलताना ‘मी ती फाइल अपलोड केली, पण लिंक उघडत नाहीये’ असं सहज बोलतो. मराठी निवडलेली असली तर यातली रुळलेली इंग्रजी नामं आणि क्रियापदं बहुधा ठीक उमटतात, कारण इंजिनाने शिकलेल्या मराठी मजकुरातही ती असतात. अडचण होते ती वाक्याच्या मध्यावर आख्खं इंग्रजी वाक्य किंवा लांबलचक संज्ञा आली की. तिथे इंजिन मराठीतल्या ध्वनींनी ती रेटून बसवतं. माझा नियम असा: शब्द मिसळले तर चालतील, वाक्यं मिसळायची नाहीत. इंग्रजी उद्धृत आलं की त्या जागी एखादी खूण बोलायची, उदाहरणार्थ ‘उद्धृत एक’, आणि पुढे जायचं. मराठी मजकूर पूर्ण झाला की इंग्रजी निवडून सगळी उद्धृतं एका दमात सांगायची आणि आपापल्या जागी ठेवायची. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण दर दोन वाक्यांनी भाषा बदलत राहण्यापेक्षा हे खूप जलद होतं, आणि विचाराचा धागाही तुटत नाही.

बोलण्याची पद्धतही बदलावी लागते. यंत्राला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा आणि ठणकावून उच्चारणं ही सर्वांत घातक सवय आहे. शब्दामागून शब्द येतो त्यावरच इंजिन विसंबून असतं, मग शब्द तोडून बोललात तर त्याचा आधारच गेला. पूर्ण वाक्यांश मनात जुळवा, मग नेहमीच्या लयीत बोला, आणि दोन वाक्यांशांच्या मध्ये थांबा. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतला फरक कोणत्याही इंजिनाला ध्वनीवरून नक्की कळणार नाही. आजूबाजूच्या शब्दांवरूनच त्याला तो ठरवता येतो.

विरामचिन्हांबाबत भाषाभाषांत मोठी तफावत आहे. इंग्रजी किंवा जर्मनमध्ये चिन्हांची नावं उच्चारली की चिन्हं उमटतात, काही ठिकाणी ती आपोआपही पडतात. गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगमध्ये ही सोय मोजक्याच भाषांना आहे आणि मराठी त्यांत नाही. तिथे ‘पूर्णविराम’ म्हटलं की तोच शब्द कागदावर येतो. मी त्याचाच उपयोग करून घेतो. बोलताना पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह हे शब्द बिनदिक्कत उच्चारायचे आणि शेवटी ‘शोधा आणि बदला’ वापरून एकेका शब्दाच्या जागी चिन्ह घालायचं. शोधताना शब्दाच्या आधीची मोकळी जागाही धरायची, म्हणजे चिन्ह मागच्या शब्दाला चिकटून बसतं. विशेषनामांनाही हीच युक्ती लागू पडते. वारंवार येणाऱ्या अवघड नावासाठी इंजिनाला नक्की कळेल असा, पण त्या मजकुरात एरवी येणार नाही असा एखादा शब्द ठरवा आणि शेवटी तो बदलून टाका.

संख्यांवर मात्र नेहमी डोळा ठेवा. ‘साडेतीनशे’, ‘पावणेदोन’, ‘दीड लाख’ असं म्हटलं की अक्षरांत येईल की अंकांत, याचा भरवसा नाही. एकोणतीस-एकोणचाळीस किंवा त्रेपन्न-त्रेसष्ट यांसारख्या जोड्यांत चूक झाली तर वाचताना ती डोळ्यांतून सहज सुटते. रकमा आणि तारखा मी बोलून लिहीत नाही. तेवढं टाइप करतो.

माइकबद्दल थोडक्यात. लॅपटॉपचा अंगचा माइक खोलीतला प्रत्येक आवाज गोळा करतो, म्हणून तोंडाजवळ येणारा, वायरचा यूएसबी हेडसेट घ्या. माइक ओठांच्या थेट समोर न ठेवता जरा बाजूला असावा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसत नाही. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की जोडणी फोनच्या संभाषणासाठी असलेल्या कमी दर्जाच्या पद्धतीवर जाते. गाणी सुरेख ऐकवणारा हेडसेट डिक्टेशनला निराश करतो तो बहुतेकदा यामुळेच. शिवाय तुम्हाला बोलणं आणि ऐकणं दोन्ही करायचं आहे. स्पीकरवर वाचन चालू असताना माइक उघडा राहिला, तर यंत्र स्वतःचंच बोलणं पुन्हा लिहू लागतं. हेडफोनमुळे तेही टळतं.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे वळतो. मराठी मजकूर हिंदी थाटात का वाचला जातो? कारण लिपीवरून भाषा कळत नाही. देवनागरीत मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत असं सगळंच लिहिलं जातं. मजकुरावर भाषेची खूण नसेल, किंवा खूण असूनही मराठी आवाज बसवलेला नसेल, तर प्रणाली हाताशी असलेला देवनागरी आवाज घेते आणि तो बहुधा हिंदी असतो. विंडोजमध्ये कल्पना आणि हेमंत हे हिंदी आवाज कित्येक वर्षं मिळतात, त्यामुळे मराठीही त्यांच्याच तोंडी जाते. ‘चालतंय की’ म्हणून अनेक जण तसंच ऐकत राहतात. मला ते मान्य नाही. कारण फरक फक्त हेलाचा नसतो.

हिंदी आवाज ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ करतो आणि ‘कृपा’तला ऋ रि-कडे झुकवतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ मराठीत वेगळा आहे, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा आहे. लिपी हा फरक दाखवत नाही, पण मराठी ऐकणाऱ्याला तो लगेच जाणवतो, आणि हिंदी आवाजाला तो माहीतच नसतो. सर्वांत मोठी हानी होते ती शेवटच्या अनुस्वाराची. ‘केलं’, ‘घरं’, ‘सांगितलं’ यांतला अनुस्वार मराठीत नाकात जात नाही, शेवटचा अ जरा लांबतो इतकंच. हिंदी आवाज तिथे अनुनासिक काढतो आणि ‘घरम्’सारखं काहीतरी ऐकू येतं. बोलीच्या वळणाच्या मजकुरात हा प्रकार वाक्यागणिक होतो आणि तासाभराने डोकं भणभणायला लागतं. ऐकणारा स्वतःला दोष देतो, ‘मला ऐकून समजत नाही’ म्हणतो. खरं तर त्याला चुकीच्या भाषेतला आवाज दिलेला असतो.

मराठी आवाज आज मिळतात आणि चांगले आहेत. मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरच्या रीड अलाउड या मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीत आरोही आणि मनोहर हे दोन मराठी आवाज आहेत. पान किंवा पीडीएफ उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबा आणि आवाजांच्या यादीतून निवडा. हे आवाज इंटरनेटवरून येतात. ॲपलने २०२२ साली आपल्या प्रणालींच्या वाचक आवाजांत मराठीची भर घातली. इंटरनेटशिवाय, अगदी जुन्या संगणकावरही चालणारा पर्याय म्हणजे ईस्पीक एनजी. तो शंभराहून अधिक भाषा बोलतो, मराठीही. त्याचा आवाज यांत्रिक आहे, त्यामुळे नव्या माणसाला आवडत नाही. पण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारे कित्येक अंध वाचक तोच पसंत करतात, कारण कळ दाबताच तो बोलतो आणि वेग कितीही वाढवला तरी त्याची व्यंजनं पुसट होत नाहीत. मानवी वाटणारे आवाज मोठं लेखन निवांत ऐकायला छान आहेत. मेनूतून झपाट्याने फिरायला आणि भरभर चाळायला यांत्रिक आवाजच सरस ठरतो. म्हणून दोन्ही ठेवा.

आवाज बसवला, की मजकुरावर भाषेची खूण लागायला हवी. वर्डमध्ये मजकूर निवडून रिव्ह्यूखालच्या लँग्वेजमध्ये प्रूफिंगची, म्हणजे शुद्धलेखन तपासण्याची भाषा ठरवता येते. तिथलं रीड अलाउड तीच खूण पाहून आवाज निवडतं. टाइप करताना कीबोर्डची जी भाषा असते तीच खूण बहुधा मजकुराला लागते. इंग्रजी कीबोर्ड चालू ठेवून कुठून तरी मराठी मजकूर आणून चिकटवला की खूण चुकीची राहू शकते, तिथे मुद्दाम तपासा. लिब्रेऑफिसमध्ये गंमत वेगळी आहे: पाश्चात्त्य लिप्यांसाठी एक मूळ भाषा असते आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या नावाखाली दुसरी. मराठी या दुसऱ्या जागी निवडायची असते आणि नेमकी तीच जागा लोकांच्या नजरेतून सुटते. एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंगमध्ये भाषेप्रमाणे आवाज आपोआप बदलण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. मग खुणा बरोबर असल्या तर जर्मन उतारा जर्मन उच्चारात, इंग्रजी इंग्रजीत आणि मराठी मराठीत, असं एकाच दस्तऐवजात ऐकू येतं.

तुम्ही वेबसाठी लिहीत असाल तर ही खूण एचटीएमएलमधल्या लँग या गुणधर्मातून लागते. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत पूर्ण पानाची भाषा सांगणं प्राथमिक पातळीवर आहे आणि पानातल्या परभाषी तुकड्यांची भाषा सांगणं त्याच्या पुढच्या पातळीवर. हे दोन मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे दृष्टिहीन वाचकाला किती अनर्थ ऐकावा लागतो हे मी रोज पाहतो, म्हणून आग्रहाने सांगतो: आपल्या मजकुरावर भाषा लिहा.

काही वेळा खूण बरोबर असते, आवाज मराठी असतो, तरीही निरर्थक अक्षरं ऐकू येतात. तेव्हा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे का ते पाहा, म्हणजे युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. वाचणाऱ्या आवाजाला जे साठवलं आहे तेच मिळतं. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो, दुसरा मार्ग नाही. त्याहून सूक्ष्म अडचण ‘ॲ’ची आहे. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी, आणि अजूनही अनेक कीबोर्डांवर, ‘अ’पुढे चंद्र जोडून ते लिहिलं जातं. दिसायला दोन्ही सारखीच, पण संगणकाला वेगळी. एक रूप शोधलं की दुसरं सापडत नाही, आणि काही आवाज दोन्हींचा उच्चारही निराळा करतात.

संक्षेप आणि आकडे कानासाठी मोकळे करून लिहा. ‘उदा.’मधल्या टिंबाला आवाज वाक्याचा शेवट समजू शकतो, आणि ‘१०-१५’ मधली रेघ काही आवाज गाळतात, काही वजाबाकी म्हणून वाचतात. केवळ ऐकण्यासाठी मजकूर तयार करत असाल तर ‘दहा ते पंधरा’ असंच लिहा आणि रुळलेले इंग्रजी शब्द देवनागरीतच ठेवा. मराठी वाक्यात रोमन लिपीतला शब्द आला की कुणी आवाज तो गाळतो, कुणी अक्षर-अक्षर वाचतो.

आता दोन्ही साधनं एकत्र. वर म्हटलं तसं, डिक्टेशनच्या चुका शुद्ध शब्दांच्या रूपात असतात. आपणच बोललेलं असल्यामुळे डोळा तिथे जे हवं होतं तेच वाचतो. परका आवाज मात्र कागदावर जे आहे तेच बोलतो, आणि ‘कर’च्या जागी ‘घर’ आलं की कानाला ते ताबडतोब टोचतं. म्हणून बोलून लिहिलेलं सगळं एकदा ऐकायचंच, मध्यम वेगाने, नजर मजकुरावर ठेवून. नजर यासाठी की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कानाला कळत नाहीत. भाषांतर करत असाल तर आणखी एक पद्धत मी मनापासून सुचवतो: मूळ इंग्रजी किंवा जर्मन कानांत वाजू द्या आणि डोळ्यांनी आपलं मराठी भाषांतर वाचत चला. सुटलेलं वाक्य, गळलेला नकार, उलटा झालेला आकडा इतक्या खात्रीने पकडणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

आधी ध्वनिमुद्रित केलेलं भाषण लिहून काढायचं असेल तर व्हिस्पर पाहा. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये ते खुलं केलं, आणि ते स्वतःच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं. सुमारे ६,८०,००० तासांच्या आवाजावर ते शिकवलेलं आहे, पण त्यातले इंग्रजीखेरीजच्या ९६ भाषांचे तास १,१७,००० आहेत. म्हणून इंग्रजीत मिळणारी अचूकता मराठीत गृहीत धरू नका. ते आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे करून काम करतं आणि भाषा तुम्ही सांगितली नाही तर सुरुवातीच्या तुकड्यावरून ठरवतं. सुरुवातीला कुणी इंग्रजीत नमस्कार-चमत्कार केले असतील तर पुढचं मराठी बोलणं इंग्रजीत भाषांतरित होऊनही येऊ शकतं, कारण इंग्रजीत भाषांतर करणंही त्याला शिकवलेलं आहे. तेव्हा भाषा नेहमी स्वतः नोंदवा. दोन भाषांची मुलाखत असेल तर ध्वनिफीत भाषेनुसार कापून वेगवेगळी द्या. त्याला सुरुवातीला थोडा नमुना मजकूर देता येतो. त्यात येणारी विशेषनामं लिहून ठेवली तर ती बरीच बरोबर उतरतात. आणि लांब शांततेच्या जागा नक्की तपासा. तिथे ते कुणीही न बोललेली वाक्यं घालू शकतं.

तुमच्या कामात दुसऱ्यांची गोपनीय कागदपत्रं, वैद्यकीय अहवाल किंवा कायदेशीर मजकूर येत असेल, तर ही निवड आवडीवर सोडू नका. इंटरनेटवर चालणाऱ्या डिक्टेशनमध्ये तुमचा आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो, आणि ऑनलाइन आवाजांत तुम्ही ऐकत असलेला मजकूरही जातो. अशा कामाला व्हिस्पर आणि ईस्पीक एनजी यांसारखी स्वतःच्या संगणकावर चालणारी साधनंच वापरा, थोडी कमी सफाई मिळाली तरी.

मनगटांना आराम देताना घशावर भार टाकू नका. अर्धा तास बोललं की थांबा, पाणी प्या, आणि त्या वेळात लिहिलेलं ऐका. पहिले काही आठवडे एकाच भाषेत काम करा, शक्यतो जी तुम्ही सर्वांत जास्त लिहिता त्या. तिची लय जमली, विरामचिन्हांची सवय झाली, की दुसरी जोडा. जर्मन तुम्हाला फक्त वाचायची आहे, तर तिच्यासाठी डिक्टेशन बसवूच नका. एक चांगला जर्मन आवाज आणि मजकुरावर जर्मनची खूण, एवढं पुरेसं आहे.